दाराला कडी न लावणारी बाई

१२ फेब्रुवारी

सकाळी असुम्प्ताचा फोन. तिकडे स्पेनच्या टीव्हीवर आमचं सान पेद्रो दाखवलं म्हणे. पोलिसांच्या गाड्या, रस्त्यावर चादरीखाली झाकलेलं कुणीतरी. "रेमे, तू जिवंत आहेस ना, एवढंच विचारायला फोन केला," म्हणाली. माझी धाकटी बहीण, पण बोलते सासूसारखी.

मी म्हटलं, "जिवंत आहे आणि केळी तळतेय. तुझी सायकल बान्योलेसमध्ये दोनदा चोरीला गेली. माझी इथे अकरा वर्षांत साधी छत्री गेलेली नाही."

"मग लिही तसं. आमच्या साप्ताहिकात दे. इथे सगळे मला विचारतात, तुझी बहीण वेडी आहे का म्हणून."

फोन ठेवला आणि तेच डोक्यात घोळत राहिलं. का लिहू नये? तीस वर्षं हिरोनाच्या छापखान्यात दुसऱ्यांची मुद्रितं तपासली, दुसऱ्यांची वाक्यं सरळ केली. स्वतःचं एकही छापून आलं नाही. अर्नुल्फोशी लग्न केलं, त्याच्या मागे होन्दुरासला आले, तो गेल्यालाही सहा वर्षं झाली. माझ्याशिवाय कोण सांगणार त्या लोकांना, की इथेही माणसं राहतात?

१५ फेब्रुवारी

लेख सुरू केला. पहिलं वाक्य जमलं: "लोस आल्मेंद्रोस वस्तीत मी दाराला कडी लावत नाही." खरंच लावत नाही. उकाडाच इतका असतो.

दुपारी बाहेर निघाले तर शेजारची लेस्विया शिवणयंत्रावरून उठून दारात आली. रोजचंच. इथे मोठ्या बाईला मानाने दोन्या म्हणतात. "दोन्या रेमे, कुठे? किती वाजता परत? आणि टोपी?" ती निळ्या पट्टीची गवती टोपी तिनेच मला आणून दिली. ती घातल्याशिवाय मला वस्तीबाहेर पडू देत नाही. "तुमचं कातडं नाजूक, ऊन लागेल," म्हणते. मी हसून घालते. ढगाळ दिवशीसुद्धा.

या माणसांची माया ही अशी. कोपऱ्यावरच्या दुकानापाशी खुर्च्या टाकून दिवसभर बसणारे ते दोघे-तिघे मला पाहिलं की शीळ घालतात, पुढच्या कोपऱ्यावरून तशीच शीळ येते. जणू माझी वर्दी देतात! हे लेखात घातलं आहे.

१८ फेब्रुवारी

लेख पुरा. शेवटी तरुण कुणीतरी हवं होतं, म्हणून लेस्वियाची मुलगी घेतली. दानेलिया, एकोणीस वर्षांची, संध्याकाळी परिचारिकेच्या वर्गाला जाते. लिहिलं: "माझ्या शेजारणीची दानेलिया संध्याकाळी सहाला एकटी वर्गाला निघते, पुस्तकं डोक्यावर धरून, हसत. टीव्हीवाल्यांनी हे हसू कधी दाखवलं आहे?"

खरं म्हणजे लेस्विया तिला सोडायला जाते, आणि वर्ग सुटेपर्यंत बाहेरच्या बाकावर काजं करत बसते. पण आई सोबत घेतली की वाक्य जड होतं. दोन-तीनदा करून पाहिलं. पुस्तकं डोक्यावर मात्र मी तिला एकदा खरंच धरलेली पाहिली आहेत, पावसात.

११ मार्च

आला! साप्ताहिकाच्या पुरवणीत, फोटोसकट. असुम्प्ताने पानाचा फोटो पाठवला. बेकरीवालीने काचेवर चिकटवलाय म्हणे.

लेस्वियाला दाखवला. तिने फोटो बघितला, म्हणाली, "टोपी छान दिसतेय." लेख आमच्या तिकडच्या कॅटलान भाषेत, तिला वाचता येण्यासारखा नाही. मी म्हटलं, तुझ्या मुलीचंही नाव आहे यात. तिने सुई थांबवली. "नाव? कशाला, दोन्या?" मग लगेच म्हणाली, "असू दे. तिकडे कोण वाचतंय."

२ एप्रिल

आज गंमत झाली. सकाळी लेस्वियाच्या उंबऱ्यावर एक खोकं. आत बायकी बूट, पांढरे, महागातले, नवे कोरे. चिठ्ठी नाही. मी दानेलियाला चिडवलं, "कोण गं तो? पायाचं माप कसं माहीत त्याला?" पोरगी पांढरीफटक पडली आणि आत गेली. एवढी लाज! आमच्या वेळी आम्ही तरी काय वेगळ्या होतो.

लेस्वियाने खोकं दोन बोटांनी उचलून कपाटावर ठेवलं. बूट बसतात की नाही हेसुद्धा पाहिलं नाही.

१९ एप्रिल

दानेलियाने वर्ग सोडला. दोन आठवडे घरातच आहे, अंगणातसुद्धा येत नाही. मला राहवलं नाही, जाऊन बोलले. म्हटलं, "प्रेमात पडलीस तर पड, पण शिक्षण कशाला बुडवतेस? तुझी आई डोळे फोडून शिवते ते कशासाठी?"

तिने मान खाली घातली. "हो, दोन्या," एवढंच म्हणाली. लेस्विया पाठमोरी चुलीपाशी उभी होती. तव्यावरची रोटी जळेपर्यंत वळली नाही.

मी कठोर बोलले का? पण कुणीतरी बोलायला हवंच होतं.

६ मे

आज दुपारी लेस्विया माझ्याकडे आली आणि आल्याबरोबर दाराला कडी लावली. अकरा वर्षांत माझ्या दाराची कडी पहिल्यांदा वाजली.

"दोन्या, तुमच्या बहिणीकडे माझ्या पोरीला ठेवून घेतील का?"

मी म्हटलं, "फिरायला?"

"नाही. कायमची."

मग तिने सांगितलं. बूट मोंचोने पाठवले होते. मोंचो म्हणजे ज्याच्या शब्दावर ही वस्ती चालते तो. त्याचे शर्ट लेस्वियाच शिवते. बुटांनंतर फोन आला, मग निरोप: मुलगी पंधरा दिवसांत त्याच्या घरी राहायला आली पाहिजे. त्या मुदतीतले सहा दिवस उरले आहेत.

"तू नाही म्हणून सांग ना त्याला," मी म्हणाले.

लेस्विया माझ्याकडे बघत राहिली. लहान मुलाने काहीतरी विचारावं आणि उत्तर कुठून सुरू करावं ते कळू नये, तसं. "पलीकडच्या गल्लीतल्या मारित्साने सांगितलं होतं नाही म्हणून," ती म्हणाली. "तिची आई गेल्या वर्षी तुमच्याकडे फुलं मागायला आली होती. आठवतं?"

आठवतं. मी जास्वंदीची फुलं दिली होती. मला वाटलं, पोरगी तापाने गेली. मला तसंच सांगितलं होतं.

असुम्प्ताला फोन केला. एक सेकंदही न थांबता "पाठव" म्हणाली. तरी मनात येत राहतं, लेस्विया जरा जास्तच घाबरली आहे का? मोंचो मला भेटला की टोपी काढून बोलतो. "दोन्या रेमे, काही लागलं तर सांगा," म्हणतो.

१० मे

दानेलिया गेली. स्पेनला जायला व्हिसा लागत नाही, तेवढं एक बरं. विमानतळावर मीच नेलं, माझी भाची म्हणून. लेस्विया आली नाही. ती नेहमीसारखी दारात यंत्रावर बसून शिवत राहिली, म्हणजे कुणाला काही कळू नये. पोरीने घरातून निघताना आईकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. तसं ठरलंच होतं दोघींचं.

वस्तीत लेस्वियाने सांगितलं, मुलगी कुणा ट्रकवाल्याबरोबर पळाली. स्वतःच्या मुलीबद्दल असं बोलताना तिने एक शिवीही घातली.

३ जुलै

तिकडच्या वकीलबाईंचा फोन. आश्रयाच्या अर्जासोबत साक्षीचं पत्र हवं, इथे राहणाऱ्या कुणाचं. तुमच्यापेक्षा चांगलं कोण, म्हणाल्या. तुम्ही स्पेनच्या नागरिक, शिकलेल्या, मुलीच्या नात्यातल्याही नाही.

चार तास बसून लिहिलं. मुलगी घराबाहेर एकटी पाऊल टाकू शकत नव्हती, आईशिवाय वर्गालासुद्धा जात नव्हती. मारित्साचंही लिहिलं. सगळं खरं. आजवर लिहिलेलं सगळ्यात चांगलं पान.

पाठवताना त्या लेखाची आठवण झाली. वकीलबाईंना सांगावं का? पण तो साप्ताहिकाच्या पुरवणीतला, शेजारी लोणच्याच्या पाककृती होत्या. सरकारी माणसं असलं कुठे वाचतात! आणि सांगायचं तरी काय, की ती ओळ मी सजवली? उगाच पत्राचं वजन कमी व्हायचं. नाही सांगितलं.

२५ नोव्हेंबर

दानेलियाशी बोलले. आश्रय-कार्यालयात मुलाखत झाली. कशी झाली विचारलं तर म्हणाली, "बरी झाली, दोन्या." मग विषय बदलला. तळ्याभोवतीच्या रस्त्याने ती रोज एकटी फिरते. पहिल्या दिवशी अर्ध्या वाटेवर रडू आलं, म्हणाली. मागून कुणी येत नाही हे कळायलाच अर्धी वाट लागली.

असुम्प्ता तिच्या हातचे बालेआदे, म्हणजे इकडच्या राजमा भरलेल्या रोट्या, खाऊन जाडी झाली आहे.

१४ फेब्रुवारी

अर्ज नामंजूर.

असुम्प्ताने फोनवर कागद वाचून दाखवला. "अर्जदाराच्या साक्षीदार बाईंनी स्वतःच्या नावाने प्रसिद्ध केलेल्या लेखात, त्याच वस्तीत आपण दाराला कडीही लावत नाही, असं म्हटलं आहे. तसंच, खुद्द अर्जदार संध्याकाळी एकटी, हसत, वर्गाला जात असल्याचं नमूद केलं आहे. मुलाखतीत हा लेख दाखवला असता, त्यात वर्णन केलेली मुलगी आपणच असल्याचं अर्जदाराने मान्य केलं."

मी म्हटलं, "मान्य? मान्य का केलं तिने? तिने सांगायचं ना, की हे खोटं आहे!"

असुम्प्ताने फोन दानेलियाच्या हातात दिला.

"दोन्या," ती म्हणाली, "त्या साहेबांनी विचारलं, ही बाई खोटं लिहिते का? तुम्ही मला विमानात बसवलंत. तुमच्या बहिणीच्या घरात मी जेवते. मी तुम्हाला खोटं कसं ठरवू?"

"अगं, पण तुझा जीव…"

"मला वाटलं, पत्र तुमचंच आहे, लेखही तुमचाच. त्यांना कळेल कुठलं खरं ते."

१५ फेब्रुवारी

सकाळी लेस्वियाकडे गेले. ती मोंचोच्या शर्टाची कॉलर उलटवत होती. सगळं सांगितलं. तिने शर्ट बाजूला ठेवला.

"तो लेख आणा. माझ्या भाषेत वाचून दाखवा. सगळा."

वाचला. कडीचं वाचलं. टोपी घालून हिंडण्याचं वाचलं, शिळेचं वाचलं. शिळेपाशी तिने मला थांबवलं.

"दोन्या, ती शीळ तुमच्या टोपीला होती. निळी पट्टी म्हणजे लेस्वियाचं माणूस, हात लावायचा नाही. अर्नुल्फो गेला त्या आठवड्यात मी मोंचोशी जाऊन बोलून आले होते. त्याच्या आठ माणसांचे कपडे मी तेव्हापासून फुकट शिवते."

"तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तुम्हाला इथे बरं वाटत होतं." तिने दोरा दाताने तोडला. "वाचा पुढे."

दानेलियाची ओळ आली. मी ती भराभर वाचून टाकणार होते.

"हसत?" लेस्विया म्हणाली. "तुम्ही पाहिलंत तिला असं जाताना? एकटी, हसत?"

"नाही."

"मीही नाही पाहिलं." तिने यंत्राच्या चाकावर हात ठेवला. "छान लिहिलंय. असं वाटतं, खरंच गेली असावी."

ती ओरडली असती तर मी पाया पडले असते. ती ओरडली नाही. उठून तिने माझ्यासाठी कॉफी ठेवली, आणि मला ती प्यावी लागली.

२ मार्च

नोटरीकडे जाऊन जबानी दिली. ओळ मी रचली. मुलगी कधीही एकटी जात नव्हती. मी सुरक्षित होते, कारण माझ्या शेजारणीने माझी सुरक्षितता स्वतःच्या कष्टांनी मिळवली होती आणि मला त्याचा पत्ता नव्हता. नोटरीने मान वर करून विचारलं, "बारा वर्षं, आणि पत्ता नव्हता?" टंकलेखन करणारी मुलगीही थांबली. मी म्हटलं, "लिहा, नव्हता."

साप्ताहिकाला दुरुस्ती पाठवली. संपादकाचं उत्तर आलं, आता वर्ष झालं, वाचक विसरले असतील. बेकरीवालीने काचेवरचा कागद काढला आहे का, असुम्प्ताला विचारायचं धाडस होत नाही.

वकीलबाई वरच्या कोर्टात जाणार आहेत. तोवर दानेलियाला राहता येईल. त्यांनी एकच विचारलं, "हे जुलैत का नाही सांगितलंत?"

१८ मार्च

लेस्विया गेली. मला न सांगता.

गेल्या आठवड्यात वस्तीत कुजबुज झाली, की ट्रकवाला वगैरे काही नाही, पोरगी स्पेनमध्ये आहे आणि तिला परत पाठवणार आहेत. नोटरीच्या कचेरीतूनच फुटलं असावं. दुकानापाशी बसणाऱ्यांपैकी एकाने लेस्वियाला हसत विचारलं होतं, "मग, सासूबाई, नवरीचं विमान कधी?" हे मी स्वतः ऐकलं. तेव्हाच कळायला हवं होतं. पोरीला परत यायला घरच उरू नये, म्हणून ती गेली.

आज सकाळी तिच्या दारात भलताच माणूस दात घासत उभा. मी थबकले. त्याने अदबीने चूळ बाजूला टाकली.

"घाबरू नका, दोन्या रेमे. तुमचं बोलणं झालंय."

"कसलं बोलणं?"

"लेस्वियाने घर यंत्रासकट सोडलं. किल्ली स्वतः आणून दिली. बदल्यात दोनच गोष्टी मागितल्या. बसस्टॉपपर्यंत कुणी मागे यायचं नाही, आणि शेजारच्या बाईला कुणी त्रास द्यायचा नाही. तुम्ही राहा निवांत."

मी घरात आले. खुर्चीवर बसले. उठून कडी लावली. मग वाटलं, कुणासाठी? मला कोण काय करणार आहे?

३० मार्च

घर सोडलं. चर्चच्या मागच्या खोलीत सामान आणलं. असुम्प्ता म्हणते, ये इकडे. दानेलिया ज्या घरात आहे तिथे कुठल्या तोंडाने जाऊ?

५ ऑगस्ट

कोर्टाचा निकाल: अपील फेटाळलं. एकाच गोष्टीबद्दल दोन तऱ्हेने लिहिणाऱ्या साक्षीदाराचं कुठलंच म्हणणं धरता येत नाही, असं म्हणतात. न्यायाधीशाच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं.

असुम्प्ता म्हणाली, दानेलिया काल सकाळी पलंगाच्या चादरी धुऊन, वाळत घालून निघून गेली. त्यांच्या घरी पोलीस यायला नकोत म्हणून. कुठे गेली ते सांगितलं नाही.

९ ऑगस्ट

पहाटेची बस पकडून सान्ता रोसाला गेले. लेस्विया तिच्या मावशीकडे आहे, हे पाद्रीबाबांकडून कळलं होतं. डोंगरातलं गाव, गारवा आहे. ती मागच्या अंगणात कॉफीच्या बिया वाळायला पसरत होती. मला पाहून तिने हात एप्रनला पुसले आणि स्टूल पुढे केलं. बारीक झाली आहे. इथे शिवणाचं काम मिळत नाही, आणि यंत्रही नाही.

मी माफी मागितली. बसमध्ये सहा तास घोकलेलं सगळं बोलले. तिने ऐकून घेतलं.

"घर देताना हे काय केलंस?" मी विचारलं. "माझ्यासाठी कशाला काही मागायचं? मी तुझं एवढं वाटोळं केल्यावर?"

"सात वर्षं तुम्हाला सांभाळलं, दोन्या. शेवटच्या दिवशी सोडून द्यायचं होय?" ती बिया पसरत राहिली. "मला राग आला नाही असं समजू नका. आला. अजून आहे. ते वेगळं."

मीही वाकून बिया पसरू लागले. मग धीर करून विचारलं, "दानेलियाचा काही निरोप?"

"सुखरूप आहे. एका म्हाताऱ्या बाईंचं करते. कागद नाहीत, म्हणून सुट्टीच्या दिवशीही बाहेर पडत नाही."

"कुठे आहे? निदान गाव सांग. मी काही पाठवीन. पत्र लिहीन."

लेस्वियाचे हात थांबले. तिने माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत वैर नव्हतं, उलट थोडी दयाच होती.

"नाही सांगणार, दोन्या. वाईट वाटून घेऊ नका. तुमचा हात लिहिता आहे. कुठेतरी लिहाल."

मी म्हटलं, "बरोबर आहे."

मग आम्ही उरलेल्या बिया पसरल्या. चारच्या बसपर्यंत ती मला सोडायला आली.